दाराजवळची जागा

ऐक. नुसतं ऐक, मधात बोलू नको. ‘मंग काय झालं, मंग काय झालं’ करशीन तं मी सांगणारच नाई, कारण झालं म्हणावं तं काईच नाई झालं. एका बाईनं दुसऱ्या बाईले चहा पिता पिता एक सवाल केला. हासत केला, प्रेमानं केला. बस. अन् जिले केला ना, तिच्या हातात कप तसाच राहिला, बशी समोर असून तिले दिसेना.

ती सत्यशीला. ड्रॉइंगची बाई. भिलाईच्या सेक्टरातली शाळा, इतकी नवी का भिंतीले पाठ टेकली तं साडीले चुना लागे, तिथं ती सहावी-सातवीले चित्रकला शिकवत जाय. त्रेसष्टचा फेब्रुवारी. कारखाना अजून बांधूनच राहिले होते, एक भट्टी पेटली का बाजूले दुसरीचा पाया, अन् सगळ्यावर ती बारीक लाल धूळ, वाळत घातलेल्या कपड्यावर, झाडाच्या पानावर, फळ्याच्या वरच्या कडेवर. पोट्टे साऱ्या देशातले. कोणी पंजाबी, कोणी मल्याळी, कोणी तेलुगू, कोणी बाजूच्याच गावातले छत्तीसगढी, सगळे हिंदीत भांडत अन् हिंदीतच रडत. सत्यशीला दिवसभर हिंदी बोले, मनात मराठी बोले, अन् संध्याकाळी चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरात पोचली का मंग तोंडानं मराठी. बाप जानराव चरोद्याच्या यार्डात पॉइंट्समन, म्हणजे डब्बे कोणत्या रुळावर जातीन ते हातानं खटका ओढून ठरवणारा माणूस. छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, तवा पोरीचं नाव गिरजा होतं ते बदलून सत्यशीला केलं. ‘नवीन नाव नवीन कागदावरच शोभते,’ म्हणे, अन् तिले शिकवत राहिला.

अन् सवाल करणारी सुमेधा. रायपूरच्या जुन्या मराठी घरातली, आजोबा वकील, घरात पेटी-तबला. दोघी एकाच वर्षी, साठ साली, विद्यापीठाच्या कलाशिक्षक वर्गाले होत्या. कोणतं विद्यापीठ ते नाई सांगत मी, लांब होतं, गाडीनं जावं लागे, एवढं पुरे. एक वर्षाचा कोर्स, तो झाला का कोणत्याबी शाळेत ड्रॉइंग मास्तर लागता येत होतं. कोर्स संपल्यावर सुमेधा तिथंच राहिली, असिस्टंट झाली, अन् आता विद्यापीठानं तिले कामाले लावलं होतं का बाई, आपला कोर्स चांगला का वाईट ते पाहाचं आहे. त्या वर्षी जे निघाले त्यांच्या शाळेत जा, त्यांचा एक तास पाय, एक फॉर्म भरून घे, कमेटीसमोर ठेव. तेवीस जण निघाले होते. तिचा सोताचा धरून बावीस फॉर्म झाले होते. सत्यशीला तेविसावी.

तं सुमेधा आली, सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसली. सत्यशीलेनं टेबलावर मातीचा माठ ठेवला अन् फळ्यावर माठ काढला. अरे, काय काढे ती! तीन मिनिटं. खडू आडवा धरून असा एक हात फिरवला का माठाचं पोट निघे, मंग काळोख भरे, भरतच जाय, अन् सगळ्यात शेवटी कडेले एक बारीक उजेडाची रेघ, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईच्या मागून दिवा असावा तशी. पोट्टे आ करून पाहात. मंग त्यांनी काढला. अडतीस कागद जमा झाले. सुमेधा एक-एक पाहू लागली. पहिला पाहिला, पाचवा पाहिला, दहावा पाहिला. मंग मान वर करून टेबलावरच्या माठाकडं पाहिलं. मंग पुन्हा कागदाकडं. खिडकी डाव्या हाताले होती, मोठी, अन् त्या खिडकीतून फेब्रुवारीचं ऊन सरळ माठाच्या पोटावर पडलं होतं, पोट असं चमकून राहिलं होतं. अन् अडतीस कागदांवर अडतीस माठ समोरून काळे. उजेड मागून. सावली पाहाणाऱ्याच्या अंगावर. तोंड एवढं बारीक का मिटलेला डोळा जसा, अन् खरा माठ तं समोर ठेंगण्या टेबलावर, त्याचं तोंड चांगलं थाळीएवढं उघडं दिसे! पहिल्या बाकावर गुरमीत म्हणून पोट्टी होती, तिले सुमेधानं इचारलं, “बेटा, इधर तो धूप आ रही है। तुमने काला क्यों किया?” पोट्टी तिच्याकडं अशी पाहाते जशी हीच येडी आहे. म्हणे, “मैडम का मटका ऐसाइच होता है।” सारा वर्ग हासला. सुमेधाबी हासली. सत्यशीलाबी हासली, पण तिचं हासणं एक क्षण मागून आलं, अन् हाताले खडू होता तो तिनं तसाच पदरात पुसला.

मंग स्टाफरूम, चहा. सुमेधा आपली बोलून राहिली, मनाची साफ पोरगी, तिच्या मनात काई नाई. “अगं, तुझा माठ मला आठवतो ना! सरांनी प्रदर्शनात लावला होता. पाठीमागून उजेड, काय अंधार भरला होतास तू! पण मुलांना तोच एक का शिकवतेस? समोरची वस्तू बघायलाच विसरली आहेत ती.” अन् बिस्कीट चहात बुडवून, सहज, “तू कुठं बसायचीस गं? मला आठवतच नाही.”

झालं. हाच तो सवाल.

आता तुले तो हॉल सांगावा लागन. लांबट हॉल, खाली शहाबादी फरशी, एका भिंतीले माणसाच्या उंचीची खिडकी अन् बरोबर समोरच्या भिंतीले दार. मधोमध चौरंग. चौरंगावर माठ. अन् चौरंगाच्या भोवताल गोल करून स्टुलं. शिकवणारे हरिभाऊ सर, धोतर, बंद गळ्याचा कोट, कोटाच्या खिशात चाकूनं तासलेल्या पेन्सिली. त्यांचा एक नेम होता, त्याच्यापायी तो कोर्स नावाजला होता. ते म्हणत, वस्तूले समोर नसते. समोर म्हणजे तुम्ही जिथं बसले ते. म्हणून दर सोमवारी जागा फिरायची. आज तू जिथं बसला, पुढच्या सोमवारी तुझ्या उजव्या हाताचा तिथं येईन अन् तू डाव्या हाताच्या स्टुलावर. बावीस सोमवार झाले का माठ बावीस बाजूंनी हातात बसला. उजेडातून, सावलीतून, खिडकीतून, दारातून. मंग डोळे मिटून काढ म्हटलं तरी हात चुकत नाई. किती चांगलं आहे ना? खरंच चांगलं आहे. फक्त एक होतं का माठ भरलेला राहे. कोरडा माठ मेलेला दिसतो, सर म्हणत, पाणी असलं का तो घामेजते, मंग त्याच्यावर छटा येते. अन् भरलेला आहेच तं तेच पाणी वर्गाचं प्यायचं पाणी. वर पितळेचा ओगराळा. तहान लागली का उठायचं, ओगराळ्यानं घ्यायचं, पुन्हा बसायचं.

पहिल्या दिवशी सत्यशीला लवकर गेली होती. गोलातल्या एका स्टुलावर बसली, बोर्ड मांडीवर घेतला. हळूहळू बाकीचे आले. कोणी काई बोललं नाई, तुले वाटन भांडण झालं, शिव्या दिल्या. नाई रे. चपराशी आला, भय्याजी म्हणत त्याले, म्हातारा माणूस, अदबीनं म्हणे, “बाई, तिकडं दारापाशी हवा चांगली आहे.” अन् एक स्टूल त्यानं सोताच्या हातानं दाराजवळ नेऊन ठेवलं. बाकीच्यांनी पेन्सिली तासल्या. कोणी वर पाहिलं नाई. म्हणजे पाहाण्यासारखं काई झालंच नाई, समजून राहिला ना? हवा खरंच चांगली होती. ती उठली अन् तिथं जाऊन बसली. सोमवार आला, गोल फिरला. दाराजवळचं स्टूल गोलात नव्हतंच, तं ते फिरन कसं? पुढच्या सोमवारी बी नाई. बावीस जण फिरत राहिले, लग्नाच्या होमाभोवती फिरावं तसे, अन् ती तिथंच. खिडकी समोर. माठ मधात. माठाचं जे पोट साऱ्या दुनियेले उजेडात दिसे ते तिले काळं. दोन पाठींच्या फटीतून दिसे, कधी या दोघांच्या, कधी त्या दोघांच्या. लांबून, म्हणून तोंड मिटलेलं. पाण्याची तिची सोय म्हणजे घरची बाटली, कापडात गुंडाळलेली. ती संपली का स्टेशनचा नळ. गोलापासून तिच्या स्टुलापर्यंत सात फरश्या होत्या. तिले पाठ. वर्षभर मोजल्या ना तिनं, दुसरं काई मोजाले नव्हतं तवा.

अन् सुमेधा म्हणते, तू कुठं बसायचीस. खरं म्हणते ती. कशी आठवन तिले? फिरता फिरता दोन-तीनदा ती दाराकडच्या बाजूले आली असन, सत्यशीलेच्या पुढं, तिच्याकडं पाठ करून. पाठीले डोळे राहातात काय? उलट सत्यशीलेले सुमेधाची पाठ आठवे, ब्लाउजच्या गळ्यावर, मानेखाली एक तीळ, वेणीतली अबोली, गुरुवारी पिवळी साडी. बावीस जणांत कोणाची पाठ कशी ते तिनं चित्र काढून दाखवलं असतं. तोंडं विचारू नको.

“छान जागा होती माझी. हवेशीर,” सत्यशीला म्हणाली. सुमेधासमोर तिची बोली आपोआप इस्त्री केल्यासारखी होऊन जाय.

सुमेधानं पिशवीतून फॉर्म काढला, अन् आवाज जरा खाली केला. “हे बघ, तुझ्यापासून काय लपवू. कमेटीत दोन तट आहेत. एक म्हणतो, आपण पाया कच्चा असलेली मुलं घेतो. ड्रॉइंगची मोठी परीक्षा पास नसेल त्याला घ्यायचंच नाही, या जूनपासून. दुसरा म्हणतो, शिकवण्यातच दोष आहे, म्हणजे हरिभाऊ सर. ते मार्चमध्ये रिटायर होताहेत, त्यांच्या पेन्शनीच्या कागदाला माझा अहवाल लागणार. बाकी बावीस फॉर्म चोख आहेत. आज तुझा वर्ग बघितला आणि... मी काय लिहू, सांग. एक तर विद्यार्थी कच्चा, नाहीतर शिकवणारा कच्चा. तिसरं काय असणार?” मंग तिचा हात दाबून म्हणे, “तू भरून ठेव. मी दुर्गला मावशीकडं आहे, उद्या सकाळी येते. अकराची गाडी आहे माझी.”

ती गेली. सत्यशीलेनं फॉर्म उघडला. चार पानं. चौदावा सवाल असा, ‘वस्तुचित्रणात प्रत्येक विद्यार्थ्यास वस्तू सर्व बाजूंनी रेखाटण्याची संधी मिळाली काय? होय किंवा नाही लिहावे.’ बावीस जणांनी होय लिहिलं असन. खोटं थोडी लिहिलं त्यांनी?

शाळा सुटली. ती स्टेशनाकडं निघाली तं शिफ्टचा भोंगा झाला, अन् कारखान्याकडून सायकली सुटल्या. पाहिलं आहे ना तू ते? हजार, दोन हजार, नुसत्या सायकली, घंट्या, डब्बे खणखणतात, सगळ्यांची तोंडं लाल धुळीनं एकसारखी. ती रस्त्याच्या कडेले उभी राहिली. त्या एवढ्या माणसांत तिले वाटलं का आपण एक शब्द मोठ्यानं बोलावा, कोणताबी, नुसता ‘सात’ म्हणावा, सात फरश्या. कोणाले ऐकू गेलं असतं? गाडीत खिडकीपाशी जागा होती तरी ती दारापाशी उभी राहिली, अन् दोन मिनिटांनी तिच्या ध्यानात आलं का आपण तिथंच उभ्या आहोत. आत सरकली. मंग पुन्हा वाटलं, कोणी पाहून राहिलं काय. कोणीच पाहून नव्हतं राहिलं.

अन् एक गोष्ट तिले खात होती ती वेगळीच. तुले वाटन, सोपं आहे, ‘नाही’ लिहून टाक. पण ऐक ना. हरिभाऊ सर. त्यांनीच तिले घेतलं होतं त्या कोर्सात. कार्यालयातल्या बाबूनं अर्ज बाजूले ठेवला होता, सर सोता गेले, अर्ज काढला, सही केली. अन् रोज, रोज एकदा, सर चौरंगापासून उठत, गोलातून वाट काढत, त्या सात फरश्या चालून दाराजवळ येत. एकटे तेच येत. उभे राहून तिचं चित्र पाहात. सोताची पेन्सिल तिच्या बोर्डावर ठेवत, हातात देत नसत, बोर्डावर ठेवत, ती उचले. म्हणत, “तुझ्यासारखा काळोख कोणाला जमत नाही.” त्या एका वाक्यावर तिनं वर्ष काढलं बे. चांगला काळोख. कधी कधी रात्री झोपताना तेच म्हणत जाय मनात, माझा काळोख चांगला आहे. सरांनी एकदाबी म्हटलं नाई का, चल, उठ, त्या खिडकीपाशी बस. पण एका रविवारी, सुट्टी होती, हॉल रिकामा होता, तिले बोलावलं. म्हणाले, “आज कोणी नाही. पाहिजे तिथून काढ.” अन् सोता बाहेर व्हरांड्यात जाऊन पाठ करून उभे राहिले. ती खिडकीकडच्या बाजूले गेली. माठाकडं पाहिलं. अन् तिले माठ ओळखूच आला नाई. एवढा उजेड, नागडा, टकला, कोणाचा तरी दुसऱ्याचा माठ. हात चालेना. पंधरा मिनिटं ती तशीच उभी. मंग बोर्ड उचलला अन् गुपचाप दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसली अन् रोजचा माठ काढला. सर आत आले, कागद पाहिला. त्यांचं तोंड कसं झालं होतं ते तिनं पाहिलं नाई, तिची मान खाली. तं आता सांग, संधी मिळाली का नाई मिळाली? होय लिहावं का नाही? ‘नाही’ लिहिलं तं सरांची पेन्शन, ज्या एका माणसानं सात फरश्या ओलांडल्या तो. ‘होय’ लिहिलं तं माठ कच्चा तिचा, तिच्यासारख्यांचा, अन् दार बंद.

आता दार बंद म्हणजे कोणाले, तेबी ऐक. घरी पोचली तं कांता बसलेली. बाजूच्या क्वार्टरातल्या बळीरामची पोरगी, मॅट्रिक झालेली, अठरा वर्षांची, चित्रात हात भलता चांगला. त्याच कोर्साचा अर्ज घेऊन आली होती. मोठी परीक्षा कुठली देते ती, सेंटर लांब, कोण नेणार? जूनपासून तो नियम लागला तं हिचा अर्ज उघडणार बी नाई कोणी. जानराव बाजेवर बसून पायाले तेल लावून राहिला होता. दिवसभर खटके ओढून त्याचा उजवा खांदा जरा खाली आला होता.

“जयभीम ताई,” कांता म्हणे, “अर्ज पाहून घ्या ना माहा. अन् एक सांगा, मले भ्या लागून राहिलं. तिथं कुठं बसलं तं बरं दिसते?”

सत्यशीला चपला काढून राहिली होती. ती वाकलेलीच राहिली.

“कुठं म्हंजे?” जानरावनंच जवाब दिला. “पुढं बसाचं! माही पोरगी पुढं बसे, पयल्या लाइनीत. कावून वं सत्या? कोन हटवते तिले! अर्जावर नाव काय होतं, सत्यशीला! गिरजा नोतं.”

“बाबा, तिथं लाइनी नसतात,” ती म्हणाली. “गोल असते.”

“मंग तं आनिक बरं! गोलात कोन पुढं, कोन मांगं? सारे सारखे.” म्हातारा खूश होऊन हासला. “हे पायलं काय वं कांता, इचार करून बनवलं असन हे कोनी.”

तिनं त्याच्या हातातली तेलाची वाटी घेतली अन् त्याच्या खांद्याले तेल लावत बसली. किती सांगावं वाटलं असन तिले. कांताले तरी. पण कांताच्या डोळ्यांत जे होतं ना, तेच घेऊन ती सोता साठ साली गाडीत बसली होती. ते विझवाचं कसं? अन् न सांगता पाठवाचं तरी कसं? दोघंजणं तिच्या घरात बसून हासून बोलून राहिले होते, अन् तिले वाटे आपण पुन्हा तिथंच आहोत, सगळं दोन पाठींच्या फटीतून दिसून राहिलं आहे. एकटं असणं म्हणजे माणूस नसणं नाई रे. माणसं असतातच.

सकाळी ती सातच्या गाडीनं गेली. शाळेत कोणी नाई. तिनं फॉर्म टेबलावर ठेवला, चौदाव्या सवालापुढं शाईनं लिहिलं, ‘नाही.’ मंग शेवटच्या पानावर ‘इतर सूचना’ म्हणून अर्धं पान कोरं होतं, तिथं लिहाले घेतलं, अन् शब्द येईनात. कसे येतीन? त्या दिवशी कोणी शब्द बोललंच नव्हतं तं आज कोणते शब्द ती लिहीन? तिनं टाक ठेवला. कंपास काढला, पट्टी काढली. भूमितीत ती एक नंबर होती, प्लॅन काढाले तिच्यासारखं कोणी नाई. अन् तिनं तो हॉल काढला. वरून. जसं छप्पर काढून घेतलं अन् आकाशातून पाहिलं. खिडकी. दार. मधात चौरंग, त्याच्यावर माठाचं तोंड, वरून पाहिलं तं पुरं गोल, उघडं. त्याच्या भोवताल बावीस ठिपके. प्रत्येक ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्याकडं बारीक बाण, दर सोमवारचा. अन् सात फरश्या सोडून दाराजवळ एक ठिपका. त्याले बाण नाई. फरश्या तिनं मोजून काढल्या, सातच्या सात. मंग थांबली. अन् चौरंगापासून त्या दाराजवळच्या ठिपक्यापर्यंत एक तुटक रेघ काढली, जातानाची अन् येतानाची, अन् तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं, ‘हरिभाऊ सर, रोज एकदा.’ अर्ध्या पानात एवढीच अक्षरं. दोष बी तोच अन् उपकार बी तोच. खाली सही, पूर्ण नाव.

दहा वाजता सुमेधा आली, बाहेर सायकलरिक्षा थांबवून. पान उलटता उलटता म्हणे, “अय्या, किती सुरेख प्लॅन! आपला हॉल ना हा?” अन् ठिपक्यांवरून बोट फिरवू लागली, पोट्टी आकडे मोजते तसं. “...वीस, एकवीस, बावीस. आणि हा?” बोट दाराजवळ थांबलं. बाण शोधला तिनं. नाई सापडला. बाहेर पोरांचा गोंगाट, कुठंतरी कारखान्यात लोखंड पडल्याचा आवाज, अन् ही मानेपासून लाल होत गेली.

“यात मी कुठं आहे?” तिनं विचारलं. आवाज बारीक.

“तू सगळीकडं आहेस,” सत्यशीला म्हणाली. “तुझी जागा फिरत होती ना.”

तिनं रागानं नाई म्हटलं, बरं का. मास्तरीण जसं पोराले सांगते तसं.

सुमेधानं पिशवीतून दुसरा एक फॉर्म काढला. तिचा सोताचा. चौदाव्या सवालापुढं तिच्या मोत्यासारख्या अक्षरात, ‘होय. अत्यंत आदर्श पद्धत.’ दोन्ही फॉर्म तिनं बाजूबाजूले ठेवले. मंग म्हणे, “पण सत्यशीला, हे मी कमेटीसमोर ठेवलं, तर ते मला विचारतील. वर्षभर तू तिथं होतीस, तुला दिसलं नाही का?”

“विचारतील,” सत्यशीला म्हणाली.

“आणि नाही ठेवलं तर?”

“तर कच्चा विद्यार्थी.” तिनं पेन्सिल सुमेधाच्या हातात दिली. बोर्डावर ठेवली नाई, हातात दिली. दोघींची बोटं लागली. “तुला जे दिसलं ते तूच लिही.”

घंटा झाली. सातवीचा पहिला तास. ती गेली वर्गात. पोट्टे उभे राहिले, बसले. टेबलावर माठ, पोटावर ऊन. गुरमीत म्हणे, “मैडम, बोर्ड पे?” ही म्हणाली, “आज नहीं। टेबल बीच में करो। सब उठो, घूमो।” अन् जो काय गोंधळ झाला! बाकं सरकली, अडतीस पोट्टे माठाभोवती, धक्काबुक्की, “अरे हट, ये मेरी जगह,” “मैडम बोली किसी की नहीं है।” ती बी त्यांच्यासंगं फिरत फिरत खिडकीच्या बाजूले आली. तिथून माठ पाहिला. अजून बी तिले तो ओळखीचा नाई वाटला, खोटं कावून सांगू. टकला, उजेडानं भरलेला, परका. पण या खेपेस ती तिथून हलली नाई. अन् मंग मान वळवली तं खिडकीतून खाली फाटकाजवळ रिक्षा दिसली. सुमेधा आत बसलेली, इकडं पाठ करून. मानेखालचा तो तीळ दिसत होता. मांडीवर दोन्ही फॉर्म, हातात पेन्सिल. रिक्षावाला पायडलवर पाय ठेवून मागं पाहून राहिला, गाडी चुकन म्हणून. ती काई हलेना.

आता सांग. त्या रिक्षात तू असता, मांडीवर ते दोन कागद, एकावर तुह्याच अक्षरात ‘होय’, अन् हातात तिची पेन्सिल, तं तू काय केलं असतं?